घरातला विरोधी पक्ष

(कार्यकर्त्यांच्या कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रिकेवर ‘कौटुंबिक’ हा शब्द ठळक छापलेला असला, तरी व्यासपीठावरून कुटुंबाविषयी बोलण्याची समाजवादी चळवळीत फारशी प्रथा नाही. सभा संपल्यावर जेथे परतायचे, जेथे ताट झाकून ठेवलेले असते आणि मुले झोपी गेलेली असतात, ते ठिकाण म्हणजे कुटुंब, अशी कार्यकर्त्याची साधारण व्याख्या असे. वस्तुतः मुले झोपलेली नसत. डोळे मिटून, दिवसभराच्या उद्योगांपैकी कोणता उद्योग आईने वडिलांच्या कानी घालायचा ठेवला आहे, याचा ती अंदाज घेत असत. त्या मिटलेल्या डोळ्यांआड काय चालले होते, हाच आजचा विषय आहे. तो हसण्याचा आहे, याबद्दल कोणी संकोच बाळगू नये.

उदाहरणासाठी एकच घर घेणे सोयीचे होईल. परळच्या एका चाळीतील दहा बाय बाराची खोली. काळ १९७० नंतरचा. गृहस्थ गिरणीत कारकून होते आणि पक्षाचे कार्यकर्ते होते. शेजारी म्हणत की, ते गिरणीत अर्धवेळ आणि पक्षात पूर्णवेळ आहेत. घरात त्यांची आई, पत्नी आणि तीन मुले. सर्वांत मोठी मुलगी. तिच्या पाठीवर दोन मुलगे, थोरला नऊ वर्षांचा आणि धाकटा सात वर्षांचा. चाळीत या दोघांची जी ख्याती होती ती पूर्णतः प्रतिकूल होती.

त्या घरात एक खाट होती. ती आजीची असे, परंतु आजी देवळात गेली की तिचे राष्ट्रीयीकरण होई. सकाळी ती आगबोट असे, दुपारी एस. टी.ची गाडी. पोळपाट हे तिचे चक्र, पाण्याचा तांब्या ही घंटा आणि आजीची जपमाळ हा वाहकाचा तिकिटांचा गठ्ठा. गाडी रोज पोलादपूरला जाई आणि रोज महाडच्या अलीकडे बंद पडे, कारण धाकट्याला ढकलण्याचे काम प्रिय होते. एकदा गाडी चालू असतानाच आजी परतली आणि खाटेवर टेकली. वाहकाने तिच्याकडे तिकीट मागितले. तिने आपण खाटेची मालक असल्याचे सांगितले. वाहक म्हणाला, “आजी, गाडी महामंडळाची आहे. मालकबिलक कोणी नाही.” आजीने दहा पैसे काढून तिकीट घेतले. समाजवादाचा हा त्या घरातील पहिला निर्णायक विजय होय. वडिलांनी इतकी वर्षे पत्रके वाटूनही आजीचे मत त्यांना कधी मिळाले नव्हते.

लहान मुले मोठ्यांचे अनुकरण करतात, हे सर्वांना माहीत असते. अनुकरण करता करता ती मोठ्यांचे पितळ उघडे पाडतात, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. या दोन मुलांनी एका रविवारी घरातल्या घरात मोर्चा काढला. मोरीपासून निघून खाटेला वळसा घालून तो वडिलांच्या खुर्चीपुढे थांबला. घोषणा रीतसर झाल्या. मग निवेदन सादर झाले. त्यात तीन मागण्या होत्या. रविवारी डोक्यावरून अंघोळ घालण्याची सक्ती रद्द करावी. थोरल्याचे आखूड झालेले सदरे धाकट्याला देण्याची अन्याय्य पद्धत बंद करावी. आणि महागाई लक्षात घेऊन आठवड्याच्या दहा पैशांचे पंधरा पैसे करावेत.

गृहस्थांनी निवेदन वाचले, चष्मा पुसला आणि ते म्हणाले, “मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.” यावर थोरला ताडकन उत्तरला, “बाबा, हे तर मालक म्हणतात!”

त्या क्षणी त्या खोलीत जी शांतता पसरली तिचे वर्णन पुढे ते गृहस्थ अनेकदा करीत. ज्या वाक्यावर त्यांनी कैक द्वारसभांत टीका केली होती, तेच वाक्य त्यांच्या तोंडून सहजगत्या निघाले होते. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. वाटाघाटी तिच्या मध्यस्थीने झाल्या. अंघोळीचा प्रश्न तत्त्वाचा म्हणून फेटाळण्यात आला, सदऱ्यांचा पुढे ढकलण्यात आला, आणि महागाईचा तज्ज्ञांकडे सोपविण्यात आला. तज्ज्ञ अर्थातच थोरला. त्याने पाटीवर निर्देशांक मांडला. लिमलेटच्या गोळ्या, भोवरा, मांजा, काचेच्या गोट्या आणि बर्फाचा गोळा, अशा पाच वस्तूंची टोपली त्याने घेतली होती. आधारवर्ष म्हणून मामा येऊन गेला तो महिना धरला होता, कारण त्या महिन्यात त्यांना या पाचही वस्तू फुकट मिळाल्या होत्या. शून्य किमतीच्या आधारावर काढलेला निर्देशांक किती होतो हे गणिताला सांगता येत नाही. वडिलांनाही ते सांगता आले नाही. आधारवर्ष कसे निवडावे, यावरून निर्देशांकाचे भवितव्य ठरते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर वर्गात कळते. मुंबईच्या कामगारांच्या निर्देशांकातील दोष तपासण्यासाठी साठच्या दशकात लकडावाला समिती नेमावी लागली होती. चाळीतल्या मुलाने ती विद्या लिमलेटच्या गोळीवरून हस्तगत केली. पंधरा पैसे मंजूर झाले.

याच मुलांनी पुढे खाटेखाली एक पक्ष स्थापन केला. सभासद तीन, ही दोघे आणि शेजारचा एक मुलगा. आठवड्याभरात अध्यक्षपदावरून त्यात फूट पडली. एक गट खाटेखाली राहिला आणि दुसऱ्याने जिन्याखाली कार्यालय थाटले. दोन्ही गटांनी मूळ पक्ष आपणच असल्याचा दावा केला. एकाने झोपडीचे चित्र काढले, तर दुसऱ्याने झाडाचे. मग शेजारच्या मुलाच्या घरी शंकरपाळे तळले गेले, तेव्हा ऐक्य झाले. शंकरपाळे संपल्यावर पुन्हा फूट झाली. १९५५ ची फूट, १९६४ चे ऐक्य, १९६५ ची पुन्हा फूट आणि १९७१ चे पुन्हा ऐक्य ज्यांनी सोसले होते, त्या वडिलांना हा खेळ पाहून हसावे की उठून बाहेर जावे हे कळेना. येथे बसलेल्या ज्येष्ठ साथींच्या चेहऱ्यांवरूनही तोच पेच दिसतो आहे. मुलांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, त्यांच्या फुटीमागचे कारण निदान उघड होते.

मराठी मुलाच्या कल्पनाशक्तीचे सर्वांत मोठे सार्वजनिक बांधकाम म्हणजे दिवाळीतला किल्ला. विटा, दगड, फाटके गोणपाट आणि चिखल यांपासून पटांगणाच्या कोपऱ्यात डोंगर उभा राहतो. त्यावर हळीव पेरून आठवड्याभरात रान उगवते. बुरूज, दरवाजा, तळे, तटावर मातीचे मावळे आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज. या किल्ल्याला इतिहासाचा काच नसतो. परळच्या रायगडावर खालपासून वरपर्यंत डांबरी रस्ता होता. पायथ्याशी एस. टी.चा थांबा होता, कारण मावळे पायी चढून दमतात असे धाकट्याचे म्हणणे पडले. तळ्यात बदक होते आणि ते दरवाजापेक्षा मोठे होते. गुहेतला वाघ तर इतका मोठा होता की तो गुहेत कधीकाळी शिरला कसा, असा प्रश्न मुलांखेरीज सर्वांना पडे. शत्रूची फौज विकत घेण्याइतके पैसे नसल्याने शत्रूही मावळेच होते. फरक कळावा म्हणून त्यांना उलटे तोंड करून उभे केले होते.

गडावर तोफ हवी होती. ती घरातील लाटण्याने पुरविली.

१९७२ पासून मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांचे जे अपूर्व आंदोलन उभे राहिले, त्याचे स्मरण या सभेत नव्याने करून द्यायला नको. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोर्चांत बायकांनी घरातली थाळी आणि लाटणे रस्त्यावर आणले, आणि स्वयंपाकघरातील एका निरुपद्रवी काष्ठाला राजकीय अर्थ प्राप्त झाला. त्या काळातील एका दुपारी परळच्या या घरातील बाई मोर्चाला निघाल्या. थाळी हातात घेतली. लाटणे काही सापडेना. फळी, डबे, ताटाळे, सगळे धुंडाळून झाले. शेवटी वेळ होत आली तशी त्यांनी पळी उचलली आणि त्या धावत सुटल्या. मोर्चात शेजारणीने विचारले, “अहो, लाटणं कुठाय तुमचं?” बाई थाळी वाजवीत म्हणाल्या, “रायगडावर!”

संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा तोफ परत मागण्यात आली. गडकऱ्यांनी वेढ्याचे कारण सांगून ती देण्यास नकार दिला. त्या रात्री घरात पोळ्यांऐवजी हातावर थापलेल्या भाकऱ्या झाल्या. दिवाळी संपेपर्यंत लाटणे तटावरच राहिले. ही तडजोड कोणी केली? आजीने आरडाओरडा केला. वडिलांना रात्री अकराला परतल्यावर भाकरी का, एवढाच प्रश्न पडला. ज्या स्त्रीने दिवसभर घर, दुपारी मोर्चा आणि संध्याकाळी पुन्हा घर केले, तिने पीठ मळताना ठरविले की मुलांचा वेढा चार दिवस चालू द्यावा. बालकांच्या कल्पनाविश्वावर भावगीते लिहिणाऱ्यांनी हा हिशेब कोठेही मांडलेला नाही. मुलगा स्वप्न पाहतो तेव्हा त्या स्वप्नाचा चिखल कोणीतरी पुसत असते. २०१९ साली देशभर प्रथमच झालेल्या वेळ-वापराच्या पाहणीत असे आढळले की, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवितात, तर ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या २९९ मिनिटांत लाटणे शोधण्याची मिनिटे धरली आहेत किंवा कसे, ते अहवालावरून समजत नाही.

कल्पना आणि लबाडी ही एकाच आईची लेकरे आहेत, हे मान्य केल्यावाचून या विषयात पुढे जाता येत नाही. धाकटा एके दिवशी गृहपाठाशिवाय शाळेत गेला. राणीच्या बागेतला हत्ती सुटून रस्त्यावर आला आणि त्याने सोंडेने दप्तरातली वही नेमकी काढून नेली, असे कारण त्याने दिले. अशा वेळी मोठ्या माणसापुढे दोन मार्ग असतात. छडी काढता येते, किंवा हत्तीची चौकशी करता येते. त्या बाई शहाण्या होत्या. त्यांनी विचारले, “हत्तीनं वहीचं काय केलं?” मुलगा म्हणाला, “वाचली.” “मग?” “मग त्याला गणितं चुकलेली दिसली, म्हणून खाल्ली.” बाईंनी त्याला ती चुकलेली गणिते फळ्यावर पुन्हा करायला लावली, तीही हत्तीच्या वतीने. गृहपाठ वसूल झाला आणि हत्तीही जिवंत राहिला. छडी निघाली असती, तर दुसऱ्या वेळी त्या मुलाने पोटदुखीचे कारण दिले असते, जे अधिक विश्वसनीय आहे आणि ज्यात कल्पनेचा अंशही नाही. धाकाने खोटे बोलणे थांबत नाही. ते फक्त नीरस होते.

मराठी विनोदी वाङ्मयाने हे फार पूर्वी ओळखले होते. बडोद्यास पालीचे अध्यापन करणारे चिंतामण विनायक जोशी यांनी चिमणराव निर्माण केला, तेव्हा त्या घरातील हास्याचा झरा मुलांच्या खोड्यांपेक्षा बापाच्या फजितीतून काढला. चिमणरावाचा घरात कोणालाच धाक वाटत नाही, म्हणून त्या घरात इतके घडते. जेथे बापाचे पाऊल वाजताच मुले चिडीचूप होतात तेथे कोणता चिं. वि. जोशी काय लिहिणार? ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या परक्या घरात येऊन ते घर आपलेसे करतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला येतो आणि संकटांच्या मागे सायकल पिटाळतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन १९९४ च्या ‘वनवास’मधून मराठीत आला, एका मुलाच्या डोक्यात चालणारा कोलाहल इतक्या विश्वासाने त्यापूर्वी क्वचितच कोणी टिपला असेल. साने गुरुजींचा श्याम गंभीर म्हणून ओळखला जातो खरा; परंतु नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ते पुस्तक लिहिले गेले, तेव्हा एका राजबंद्याला आठवावीशी वाटली ती आई आणि तिचा भित्रा, हट्टी, चुका करणारा मुलगा, याची नोंद चळवळीने घ्यायला हवी.

या यादीत बहुतेक मुलगेच आहेत. घरातल्या मुलीच्या डोक्यात काय चालते याची पुस्तके त्या मानाने फार थोडी. त्याचे कारण शोधायला लांब जायला नको. परळच्या त्या खोलीत एक मुलगीही होती आणि तिचा उल्लेख आतापर्यंत एकदाच आला आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

तत्पूर्वी एका जुन्या पुस्तकाची आठवण करून दिली पाहिजे. मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७ चा. त्यातील कामाच्या दिवसावरील प्रकरण पक्षाच्या अभ्यासवर्गांत नेहमी वाचले जाई, पण त्याच्या तळटिपा सहसा वगळल्या जात. इंग्लंडमधील सरकारी चौकशी आयोगापुढे कामकरी मुलांनी दिलेल्या जबान्या त्या प्रकरणात आहेत. कुंभारकामाच्या कारखान्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा सात वर्षे दहा महिन्यांचा असताना कामाला लागला होता, आणि सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत साचे वाहून नेत होता. तळटिपेत बारा वर्षांच्या एका मुलाची उत्तरे आहेत. राजा म्हणजे काय, राणी कोण, राजकन्या कोण, असे प्रश्न त्याला विचारले गेले. त्याने राणी आणि राजकन्या यांची अशी काही सरमिसळ केली की, शेवटी राजकन्या हा पुरुष असल्याचे सांगून तो मोकळा झाला. दुसऱ्या एका मुलाला आपण इंग्लंडमध्ये राहतो याचाच पत्ता नव्हता.

ही उत्तरे परळच्या धाकट्याने दिली असती, तर चाळ आठवडाभर हसली असती. शब्द तेच असतात, वयही जवळपास तेच. मग तळटीप वाचताना हसू ओठांवरच का थांबते? एका मुलाने जगाची उलटापालट करून पाहिलेली असते. दुसऱ्याला जग कोणी दाखविलेलेच नसते. मुलाचे चुकीचे उत्तर विनोदी ठरण्यासाठी, ते देऊन झाल्यावर त्याला पटांगणात पळून जाता आले पाहिजे. तो कामावर परत जाणार असेल तर विनोद संपला. घरातील हास्याला किती तासांची विश्रांती लागते, किती अन्न लागते, आईच्या अंगात किती त्राण शिल्लक असावे लागते, याचे अर्थशास्त्र कोणी सविस्तर लिहिलेले नाही. हिंदुस्थानातील १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास कामाची मर्यादा घातली. त्या काळी ही सुधारणा होती! मुंबईच्या गिरण्यांत धागे जोडणाऱ्या सात वर्षांच्या मुलांच्याही डोक्यात हत्ती असणारच. त्यांच्या हत्तींची नोंद कोणी ठेवली?

हे सर्व इतिहासजमा झाले, असे समजण्याचे कारण नाही. १९८६ साली बालमजुरी प्रतिबंधाचा कायदा झाला. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयोगटात एक कोटीहून अधिक मुले काम करताना आढळली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत काम करण्यास मनाई केली. तथापि शाळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाच्या उद्योगात हातभार लावण्याची मुभा ठेवली. ‘कुटुंब’ हा शब्द या मेळाव्याच्या पत्रिकेवर जसा गोड वाटतो, तसाच तो कायद्याच्या पोटकलमातही वाटतो. तेथे तो किती मुलांची संध्याकाळ गिळतो, ते ऊसतोडीच्या फडावर जाऊन पाहावे. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे शहरातील मुले किल्ले करतात त्याच वेळी, मराठवाड्यातील तांडे आणि वस्त्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात; माणसाचे नावच हत्यार होते. पाचटाच्या कोपीत दिवसभर राहणारी मुले काय करतात? धाकट्या भावंडाला सांभाळतात, वाढे गोळा करतात, पाणी आणतात. आणि त्यातून सवड मिळाली की उसाच्या कांड्यांचे बैल करून मातीत गाडी हाकतात. ती गाडी कारखान्यावर जाते, तेथे रांगेत उभी राहते आणि तिचे वजन होते. वजन करणारा मुलगा काट्यात मारतो, हाकणारा भांडतो. परळची एस. टी. आणि ही बैलगाडी यांच्यात कल्पनाशक्तीच्या दृष्टीने तसूभरही अंतर नाही. अंतर आहे ते एवढेच की, खाटेवरच्या वाहकाला खेळ संपल्यावर जेवायला हाक येई.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे उमगले होते. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, ती गुरांमागे जातात, हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द ऐकताच शहरी माणसाला हसू येते, आणि ते यायलाही हरकत नाही. कारण तेथे हसण्याला मज्जाव नव्हता. बिया, पाने, शिंपले, खडे हीच शिक्षणाची साधने होती. गरीब मुलाजवळ खेळणी नसतात ही चुकीची समजूत आहे. खेळणी त्याला जागोजागी सापडतात. त्याला वेळ सापडत नाही. उलटपक्षी, आज शहरात ज्या मुलांजवळ सर्व काही आहे, त्यांना दिवाळीत प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत मिळतो. त्यात बुरूज प्रमाणात असतात, वाघ गुहेत मावतो आणि एस. टी.चा थांबा नसतो. लाटणेही घरी सुरक्षित राहते. मुले मग शिकवणीला जातात.

आता पुन्हा परळकडे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि काही दिवसांतच ते गृहस्थ स्थानबद्ध झाले. मुलांना सांगण्यात आले की बाबा पक्षाच्या शिबिराला गेले आहेत. थोरला म्हणाला, “शिबिराला पोलीस घ्यायला येतात का?” त्यानंतर खोटे सांगण्याचा कोणी प्रयत्न केला नाही. त्या वर्षीची दिवाळी खर्चाची नव्हती, पण किल्ल्याला खर्च लागत नाही. गडाच्या एका अंगाला त्या वर्षी प्रथमच तुरुंग झाला. काड्यापेट्यांच्या भिंती, खराट्याच्या काड्यांचे गज. आत एक मावळा होता आणि त्याच्या डोळ्यांभोवती शाईने चष्मा काढला होता. चाळीतले काही लोक किल्ला पाहायला येत, चष्मा पाहत आणि काही न बोलता परत जात. एका हितचिंतकाने आईला सुचविले की, दिवस बरे नाहीत, तेवढा कैदी तरी उचलावा. आईने मुलांना विचारले. धाकटा म्हणाला, “आम्ही नाही उचलणार. रात्री मावळे त्याला सोडवणार आहेत. तोफ दे.”

लाटणे त्याला देण्यात आले. त्या वर्षी ते मागावे लागले नाही.

वडिलांना पत्र लिहायचे होते. तुरुंगात जाणारी पत्रे तपासली जातात हे मुलांच्या कानावर आले होते, म्हणून त्यांनी गुप्त लिपी योजली. ती होती ‘च’ची भाषा! ‘चाबाब, चिल्लाक चालाझ’ अशी सुरुवात करून दोन पाने त्यांनी सरकारला अगम्य अशा मजकुराने भरली. आईने हसू आवरून ते पाकीट टपालात टाकले. वडिलांना ते पत्र मिळाले, तेव्हा त्यावर तपासणीचा शिक्का होता आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला होता: ‘चानछ’. त्या यंत्रणेत कोठेतरी एक मराठी कारकून बसला होता आणि त्यालाही लहानपण होते. सुटकेनंतर गृहस्थांनी ते पत्र जपून ठेवले. हुकूमशाहीच्या विरोधातील त्यांच्या आठवणींत त्यांना सर्वाधिक प्रिय पुरावा तोच होता, आणि सभेत तो वाचून दाखविताना दर वेळी ते अडखळत.

राहता राहिली मुलगी. मोर्चा निघाला तेव्हा ती नळावर होती. खाटेखाली पक्ष फुटला तेव्हा ती आजीचे पाय चेपीत होती. किल्ल्याचा चिखल कालवायला पाणी तिनेच आणले. चाळीचा नळ पहाटे चारला येई, आणि रांग लावण्याचे काम ती आठव्या वर्षापासून करीत होती. भावांचे किस्से चाळभर झाले, पुढे नातेवाइकांत झाले, आणि आज या सभेतही झाले. तिचा किस्सा कोणाजवळच नव्हता.

बऱ्याच वर्षांनी, तिन्ही भावंडांचे केस पांढरे झाल्यावर, एका लग्नाच्या पंक्तीनंतर हे जुने विषय निघाले. दोघे भाऊ रंगात आले होते. ताई ऐकत होती. मध्येच ती म्हणाली की, पहाटेच्या त्या रांगेत माणसे नसत, नुसती भांडी असत. जो तो आपले भांडे ठेवून पुन्हा झोपायला जाई, आणि ती राखण करीत एकटीच बसे. त्या भांड्यांची तिने लोकसभा भरवली होती. चेपलेला पितळी हंडा हा सभापती, कारण तो कलंडला की सर्वांना गप्प बसावे लागे. तीन कळश्या हे मंत्रिमंडळ. डालड्याचे डबे हे सत्ताधारी सभासद, एकाच छापाचे. रोज पहाटे प्रश्नोत्तरांचा तास होई. तो पाणी येईपर्यंत चाले, आणि पाणी आले की सभागृह तहकूब. चार वर्षे ते अधिवेशन चालले होते.

दोघे भाऊ थक्क होऊन पाहत राहिले. थोरला म्हणाला, “ताई, इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस!”

“कुणी विचारलं?”

थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग धाकट्याने चाचरत विचारले, “आपली ती पत्र्याची बादली होती ना, ती कोण होती गं?”

“ती होय,” ताई म्हणाली, “ती विरोधी पक्ष. गळकी होती, पण आवाज सगळ्यांत मोठा तिचाच.”